जर्मन पानांचा वाद

शनिवारी दुपारचा चहा झाला की सर चष्मा कपाळावर सरकवायचे, मोबाईल घेऊन गॅलरीत निघायचे आणि जाता जाता म्हणायचे, “तिकडं काय दिसायलंय, विचारतो जरा.”

तिकडं म्हणजे जर्मनीत. त्यांचा एकुलता एक मुलगा तिथं नोकरीला होता.

परभणीत औषधाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. कॉलेजातली नोकरी संपल्यावर सरांनी वेबसाइट बनवायचं काम काढलं होतं. मी मजकूर लिहायचो. सर कमी बोलायचे. त्यांच्या पत्नी वारल्या तेव्हा मुलाला येता आलं नाही. सरांनी फोनवर एवढंच म्हटलं, आता यायची गरज न्हाई. मुलानं ते खरं मानलं. दोन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. मोठं भांडण काही होत नाही, नुसता फोन थांबतो.

मग ताडकळसच्या बायांचं काम आलं. त्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या. त्यांची वेबसाइट आम्हीच बनवलेली. आता जर्मनी-फ्रान्सच्या लोकांनी इंटरनेटवर गोधडी शोधली तर ती त्यांना सापडावी, असं बायांना वाटत होतं. प्रश्न पत्त्याचा होता. दर देशासाठी तिथला वेगळा वेबपत्ता घ्यायचा, की आहे त्याच पत्त्याखाली जर्मन, फ्रेंच असे कप्पे करायचे? आणि तिथल्या माणसाला शोधताना काय दिसतं, ते परभणीत बसून नीट कळेना. शेवटी सर मला म्हणाले, “त्याला विचारून बघा. माझं नाव सांगू नका.”

मी मेसेज केला. मुलानं तिथून शोधून स्क्रीनचा फोटो पाठवला. आमची वेबसाइट त्यात कुठंच नव्हती. खाली सल्ला होता, की इथले लोक इथल्याच पत्त्यावर विश्वास ठेवतात, वेगळाच घ्या.

ते वाचून सरांना राहवलं नाही. त्यांनी सरळ फोन लावला. कसा आहेस, काय आहेस, काही नाही. “नवा पत्ता म्हणजे इंटरनेटवर ओळख पुन्हा पहिल्यापासून. बायांचं काम लहान हाय. इतक्या वेबसाइटी कोण सांभाळंल? जुन्या पत्त्याची ओळख कप्प्याला मिळू दे की.” तिकडून मुलगाही जोरात होता. गॅलरीतला वाद संपता संपेना. शेवटी सरांचा आवाज खाली आला. “जेवायलास का नीट?” ते म्हणाले.

तेव्हापासून दर शनिवारी फोन. जर्मन पानं जुन्याच पत्त्याखाली तयार झाली. मुलगा शोधून सांगायचा, यादीत आपली गोधडी अजून लय मागं हाय. मग कधीतरी, आज जरा वर आलीय. आणि वाद चालूच. मी एकदा म्हणालो, सर, हे तर ठरलंय ना? ते हसले. “जर्मनचं ठरलंय. फ्रेंचचं ठरायचंय.”

फ्रेंचचं त्यांनी कधीच ठरू दिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात ते बहिणीकडं सोनपेठला गेले आणि तिथंच झोपेत गेले. मुलगा पोहोचला तोवर सगळं उरकलं होतं. याही वेळी.

परत जायच्या आधी तो ऑफिसात आला. मी त्याला फ्रेंच पानं दाखवली, अर्धवट राहिलेली. यांचं काय करायचं, विचारलं.

“त्याच पत्त्याखाली टाका,” तो म्हणाला. “पप्पांचं बरोबर होतं. मला पहिल्याच फोनला पटलं होतं.”

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो स्क्रीनकडं बघत होता.

जिन्याशी तो बूट घालायला वाकला. मी म्हणालो, अधूनमधून फोन करत जा.

“करीन,” तो म्हणाला. मग नाडी बांधता बांधता थांबला. “पण काय विचारू?”