सातवं नाव

माझ्या धाकट्या भावाचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज गेल्या वर्षी मार्चमध्ये फेटाळला गेला. पत्र एका गुरुवारी त्याच्या टपालपेटीत पडलं. त्याने काढलेला फोटो मला कोल्हापुरात शुक्रवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मिळाला. पत्र दीड पानाचं होतं. कारण चौथ्या परिच्छेदात होतं. पोलिसांनी कधी अटक केली का, ताब्यात घेतलं का, नोटीस दिली का, या प्रश्नाला अर्जदाराने अर्जात आणि नंतर शपथेवर 'नाही' असं उत्तर दिलं. ते खरं नव्हतं.

फोटोखाली त्याने एवढंच लिहिलं होतं: 'दादा, तालमीची यादी.'

ती यादी माझ्या अक्षरातली होती.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्तमानपत्रात लागून मला दोन वर्षं झाली होती. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो, आजही तिथेच राहतो. अक्षर बरं म्हणून आमच्या तालमीचे अर्ज, मिरवणुकीच्या परवानग्या आणि श्रद्धांजलीच्या फलकांवरचा मजकूर माझ्याकडे यायचा. त्या रविवारी आमच्या तालमीचा दुसऱ्या पेठेतल्या तालमीशी फुटबॉलचा उपांत्य सामना होता. शेवटच्या दहा मिनिटांत प्रेक्षकांतून चपला आणि पाण्याच्या बाटल्या मैदानात आल्या. एका पोलिसाच्या कपाळाला दोन टाके पडले. मी चौदा ओळींची बातमी दिली, ती पाचव्या पानावर लागली.

भाऊ त्या दिवशी मैदानात नव्हता. आमच्या मावसबहिणीचा जयसिंगपूरला साखरपुडा होता. तो आईला घेऊन सकाळच्या एसटीने गेला आणि रात्री परतला.

सोमवारी सकाळी पोलिसांनी दोन्ही तालमींकडे अकरा-अकरा नावं मागितली. त्या अकरा जणांना नोटीस मिळणार, सहा महिने शांतता राखण्याचं हमीपत्र ते देणार आणि प्रकरण तिथे मिटणार, अशी रीत होती. नावं देण्याचीही पेठेत एक रीत होती. बाटली कोणी फेकली हे त्यात बघत नसत. नोटीस कोणाला झेपेल ते बघत. जो पोलीस भरतीची किंवा सैन्याची तयारी करतोय त्याचं नाव घालायचं नाही, कारण त्याला चारित्र्याचा दाखला लागतो. ज्याचं लग्न ठरतंय त्याचंही नाही. दुकानदार, नोकरीत कायम झालेले, शिक्षण संपत आलेले यांची नावं घालायची. याला पेठेत कोणी खोटं म्हणत नसे. मीही म्हटलं नव्हतं.

तालमीच्या कट्ट्यावर सहा नावं झाली. वस्ताद म्हणाले, "आता तुझ्या धाकट्याचं घाल."

मी म्हणालो, "त्यो काल जयसिंगपूरला हुता."

"मग बरंच की. त्यानं कायबी केलेलं न्हाय, तर त्याला भ्या कसलं? आन त्यो चाललाय सातासमुद्रापार. हितला हवालदार काय तितं जाणार हाय व्हय त्याच्या मागं?"

कट्ट्यावरची माणसं हसली. भावाचा पासपोर्ट त्याच्या हातात होता. अमेरिकेतल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं होतं. ऑगस्टमध्ये तो जाणार होता. मी सातव्या क्रमांकाला त्याचं नाव लिहिलं.

मंगळवारी माझ्या सांगण्यावरून तो पोलीस ठाण्यात गेला. अकरा ते सव्वा एक बाकावर बसला. दोनदा चहा मिळाला. छापील मजकुरात 'सदर गर्दीत मी हजर होतो' असं वाक्य होतं. त्याखाली त्याने सही केली. घरी येऊन जेवायला बसताना म्हणाला, "आये, मी न बघितलेली मॅच बघून आलो."

पुढे तो सुट्टीवर आला की ही गंमत घरात एकदा तरी निघायची.

अमेरिकेत त्याने व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असे टप्प्याटप्प्याने अर्ज भरले. ग्रीन कार्ड तेराव्या वर्षी मिळालं. प्रत्येक अर्जात कमी-जास्त शब्दांत तोच प्रश्न होता आणि प्रत्येक वेळी त्याने 'नाही' लिहिलं. हे लिहिताना तालमीची यादी आठवली का, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "आठवली असती तरी न्हायच लिवलं असतं. ती काय अटक हुती व्हय? च्या पाजला की त्यांनी."

नागरिकत्वाची मुलाखत पत्राच्या पाच आठवडे आधी झाली. इतिहासाचे प्रश्न त्याला आले. इंग्रजीचं वाचन झालं. मग अधिकाऱ्याने अर्जातले प्रश्न पुन्हा शपथेवर विचारले. पोलिसांच्या प्रश्नाला तो 'नाही' म्हणाला. प्रश्न संपल्यावर अधिकाऱ्याने सहज विचारलं, तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? भावाने कुस्ती आणि फुटबॉल सांगितलं. फुटबॉलवरून त्याने यादीची गंमत सांगितली. अधिकारी हसला नाही. त्याने बंद केलेली फाईल उघडली आणि तारीख, ठिकाण, सही केली होती का, हे विचारून लिहून घेतलं.

पत्रानुसार फेरसुनावणी मागायला तीस दिवस होते. भावाने वकील केले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पोलिसांकडचा मूळ कागद मिळवा. आणि निर्णय होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, कारण हाच प्रश्न ग्रीन कार्डाच्या अर्जातही होता आणि परत येताना विमानतळावर कोणी तो उघडला तर आत घेतीलच असं नाही. तो मे महिन्यात कोल्हापूरला येणार होता. त्याआधीची त्याची खेप चार वर्षांपूर्वीची. आईने त्याच्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतली होती. ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला सांगितलं की मे जमणार नाही.

"का?"

"कागदात अडकलंय."

"कसला कागद?"

"तालमीची यादी. मॅचची."

ती म्हणाली, "त्यो तर माझ्यासंगं हुता की."

पोलीस ठाण्यात मी नकलेसाठी अर्ज केला. मूळ कागद मुदतीनंतर नष्ट केले होते, नोंदवही शिल्लक होती. नवव्या दिवशी प्रमाणित नक्कल मिळाली. पोलिसांनी अकरा नावं मी दिलेल्या क्रमानेच उतरवून घेतली होती. भावाचं नाव सातवं होतं. शेवटच्या रकान्यात 'मुदत पूर्ण, निकाली' असं होतं. अटक झाल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

वकिलांनी नकलेचं भाषांतर वाचून फोन केला. त्यांच्या मते आता दोन रस्ते होते. पहिला, भाऊ गर्दीत होता, ही अटक नाही असं समजून त्याने 'नाही' लिहिलं, असं म्हणायचं. कागद त्याच्याशी जुळतो, पण ते खरं नाही आणि शपथ पुन्हा घ्यावी लागेल. दुसरा, तो तिथे नव्हताच, असं सांगायचं. ते खरं आहे, पण मग कागदावरची सही खोट्या मजकुराखाली आहे. कोणता रस्ता घ्यायचा हे त्यांनी सांगितलं नाही. दुसरा घ्यायचा असेल तर कोल्हापुरातून प्रतिज्ञापत्र लागेल, एवढं सांगितलं.

भाऊ मला म्हणाला, "दादा, पुन्ना शपथेवर खोटं बोलायला मला जमायचं न्हाय. यादी तू लिवलीस. तूच लिहून दे."

त्या रविवारी बाटल्या फेकणाऱ्यांत आमच्या गल्लीतला एक जण होता. तो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता, म्हणून त्याचं नाव यादीत घातलं नव्हतं. पुढे तो भरती झाला. आता हवालदार आहे, मलकापूरकडे असतो. मी सांगण्याआधीच त्याला हे सगळं कळलं होतं. शनिवारी तो मोटरसायकलवरून आला. आम्ही चहाच्या गाड्यावर उभे राहिलो.

"भावा, माझं नाव येतंय का त्यात?"

"न्हाई."

"बघ बाबा. पोरगी बारावीला हाय. नोकरीची अजून अकरा वर्सं हाईत." मग कप ठेवून म्हणाला, "धाकट्याला सांग, त्या टायमाला त्यानं माझी नोटीस घेतली ही मी इसरलेलो न्हाय."

"सांगतो."

"त्याला माझ्याकडनं काय लागलं तर..." असं म्हणून तो चहाचे पैसे देऊन गेला.

वस्ताद आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी तालमीबाहेर खुर्ची टाकून बसतात. तालमीच्या पत्रावर दोन ओळी द्याल का, असं मी त्यांना विचारलं.

"काय लिवायचं?"

"की तो त्या दिवशी मैदानात नव्हता. नाव आपण दिलं."

"आपण म्हंजे कोण?"

"तालमीनं."

"तालीम काय हातानं लिवती व्हय रं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोलिसानं उद्या इचारलं, आजवरच्या समद्या याद्या अशाच हुत्या का, तर काय सांगू? हौसेनं नावं देत हुतो म्हणून सांगू?"

शेजारी बसलेला एक जण हसला. वस्तादांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मग मला म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. पर पत्र न्हाय मिळायचं."

प्रतिज्ञापत्र मी एकट्याच्या नावाने केलं. त्यात पाच मुद्दे होते. यादी माझ्या हस्ताक्षरात होती. सामन्याच्या दिवशी माझा भाऊ जयसिंगपूरला होता. यादी लिहिताना मला ते माहीत होतं. त्याला न विचारता मी त्याचं नाव लिहिलं. त्याने माझ्या सांगण्यावरून सही केली. ज्यांची नावं वगळली त्यांच्याबद्दल मी काही लिहिलं नाही. सोबत साखरपुड्याचा फोटो जोडला. त्यात भाऊ दुसऱ्या रांगेत आहे, हातात केळ्यांचं ताट आहे. फोटोमागे मावशीने तेव्हाच तारीख लिहून ठेवली होती.

कोर्टाबाहेरच्या नोटरीने मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"पत्रकार ना तुम्ही?"

"हो."

"पोलिसांना खोटी माहिती दिली, असं स्वतःच लिहून देताय."

"हो."

"तुम्हाला कळतंय म्हटल्यावर मी काय बोलणार. इथं सही करा. प्रत्येक पानावर."

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना एक प्रत दिली. त्यांनी ती वाचून खणात ठेवली. गुन्हे वृत्ताचं पान माझ्याकडून काढून पुरवणीचं दिलं.

फेरसुनावणीची मागणी अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झाली. सुनावणी ऑगस्टमध्ये झाली. ती बावीस मिनिटं चालली. अधिकारी दुसरे होते. त्यांनी नक्कल, प्रतिज्ञापत्र आणि फोटो एकापाठोपाठ एक पाहिले. मग भावाला एकच प्रश्न विचारला. हमीपत्रातला मजकूर खोटा आहे हे सही करताना तुम्हाला माहीत होतं का?

भाऊ 'हो' म्हणाला.

दुसरं पत्र ऑक्टोबरमध्ये आलं. पहिला निर्णय कायम होता. कारणांत एकाची भर पडली होती. अर्जात आणखी एक प्रश्न असतो: ज्यासाठी अटक झाली नाही असा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? त्यालाही भावाने 'नाही' लिहिलं होतं. पत्रात म्हटलं होतं की पोलिसांना खोटा मजकूर सही करून दिल्याचं अर्जदाराने स्वतः मान्य केलं आहे आणि त्याच्या भावाचं प्रतिज्ञापत्र त्याला दुजोरा देतं. माझ्या पाच मुद्द्यांपैकी दुसरा आणि पाचवा त्यात उतरवला होता. भाषांतर बिनचूक होतं.

अर्जदार पुढे नव्याने अर्ज करू शकतो, असं शेवटच्या ओळीत होतं. वकिलांनी पाच वर्षं थांबायला सांगितलं. प्रवासाबद्दलचा सल्ला त्यांनी बदलला नाही.

भावाचा फोन आला तेव्हा आई भाजी निवडत होती. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"आये, मला येता यायचं न्हाय."

"किती दीस?"

"पाच वर्सं धर."

आईने पावट्याच्या शेंगा बाजूला केल्या. "मग मीच येतो की. मला काय कुणी अडिवलंय?"

तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. कधी लागला नव्हता. मी तिचा अर्ज भरला. प्रत्येक रकाना तिला वाचून दाखवला आणि तिने सांगितलं तेच लिहिलं. तिची जन्मतारीख तिला माहीत नव्हती, शाळेच्या दाखल्यावरची घातली. ही तारीख शाळेची आहे, असं ती दोनदा म्हणाली.

पडताळणीला जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी हवालदार घरी आले. वयाने तरुण होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुमच्यावर कधी कुठली केस, नोटीस असलं काय हाय का?"

आईने माझ्याकडे बघितलं. "ह्याला इचारा. याद्या ह्योच लिवतोय."

हवालदारांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून सांगितलं.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली.