शांत डबा

"अहो, शांत डबा आहे हा! आणि ते गृहस्थ मघापासून तुम्हाला काहीतरी सांगायला बघताहेत, त्यांना बोलू द्याल की नाही?"

मागच्या सीटवरून त्या बाई अशा काही ओरडल्या की ब्लू माउंटन्समधले सगळे काकाकुवा झाडांवरून एकदम उडाले, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि गार्डाने मला बाहेर फेकायला दरवाजा उघडला... निदान आमच्या टूनगॅबी उपनगरातल्या प्रत्येक मराठी जेवणावळीत हे मी असंच सांगत आलो. प्रत्यक्षात एकही काकाकुवा उडाला नाही. पाचसहा माणसांनी माना वळवल्या, बाईंच्या शेजारची नात लाजेने खिडकीत शिरली आणि माझ्या समोर बसलेला माधव खाली बघून हसला. माधवला जाऊन आता सहा आठवडे झाले. तो असेपर्यंत ही गोष्ट मी त्याच्यादेखत निदान वीस वेळा सांगितली असेल. दर वेळी बाई फूटभर उंच व्हायच्या. दर वेळी तो हसायचा. मात्र गोष्टीतलं त्यांचं दुसरं वाक्य मी कायम गाळत आलो. लोकांना हसायला पहिलं पुरायचं.

या सहलीचं मूळ माधवच्या फ्रिजवर होतं. आल्प्समधल्या ट्रेनसहलीचं एक माहितीपत्रक तिथे कित्येक वर्षं मॅग्नेटखाली लटकत होतं. लाल गाडी, दगडी पूल, मागे बर्फाचे डोंगर, खाली धबधबा. चार दिवस खिडकीशी बसून राहायचं, कुठेही धावायचं नाही, एवढीच या सिग्नल इंजिनिअरची हौस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर पोचवल्या, आता एका गाडीत बिनकामाचं बसायचंय, असं म्हणायचा. जायचं जायचं म्हणता मुलगा डार्विनला नोकरीला लागला, त्याची बायको वसुधा आईच्या आजारपणासाठी सांगलीला गेली आणि घरात माधव एकटा उरला. एका शुक्रवारी त्याचा फोन आला, "दिल्या, उद्या येतोस का कुठेतरी? ट्रेनने. सावकाश."

तो कधी असं मागायचा नाही, हे तेव्हाच माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. मी म्हणालो, "आल्प्स कशाला रे, आपले ब्लू माउंटन्स दोन तासांवर आहेत! स्टेशनचंच नाव फॉल्स. धबधबा थेट प्लॅटफॉर्मवर पडतो, छत्री घे!"

ब्लॅकटाउनला गाडी बदलली आणि माधव मुद्दाम शांत डब्यात शिरला. तिथे बोलायचं नसतं, अगदीच गरज पडली तर कुजबुजायचं. पण आम्हा मंडळींचा इथे परदेशात आल्यापासूनचा एक लाडका समज आहे, मराठीत बोललेलं बोलण्यात धरत नाहीत. कुणाला कळतंय! त्यामुळे मी आमच्या चाळीतला आवाज लावला. माधव पुढे झुकून हळूच म्हणाला, "दिल्या, एक सांगायचं होतं."

"सांग की. पण आधी हे ऐक..." आणि मी डार्विनची मगर काढली. मी तिथे होतो तेव्हा आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मगर शिरली आणि सिक्युरिटीवाल्याने तिला व्हिजिटर पास दिला, ती गोष्ट. ती संपल्यावर तो पुन्हा म्हणाला, "अरे, सोमवारी..." सोमवार म्हटल्यावर मला माझा मॅनेजर आठवला, मग मॅनेजरची गोष्ट. तिसऱ्यांदा त्याने नुसतं "दिल्या" म्हटलं आणि मी म्हणालो, "थांब रे, आधी हे ऐक." तेव्हा त्या बाई ओरडल्या, चक्क मराठीत. मी मागे वळून हात जोडले, "नो वरीज, मावशी!" आणि माधवला म्हणालो, "तुझ्या बाजूची दिसतेय." त्यानंतर 'काय सांगत होतास?' असं मी विचारलं का? मी कितीही थापाडा असलो तरी इथे विचारलं असं लिहायला हात धजत नाही.

धबधबा अर्थातच प्लॅटफॉर्मवर नव्हता. स्टेशनपासून बरीच चाल होती. माधव तीनदा थांबला, कुंपणाला धरून उभा राहिला. मी म्हणालो, "काय इंजिनिअर, सिग्नल पडला का?" तो हसला. म्हणजे त्याने दात दाखवले, श्वास पुरत नव्हता. आठवडाभर पाऊस झालेला, त्यामुळे पाणी असं कोसळत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणंही वाहून जावं. (ही थाप नाही.) कठड्याशी तो माझ्या कानापर्यंत आला आणि दोनतीन वाक्यं बोलला. मला त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही. मी मान हलवली आणि ओरडलो, "हो हो! नक्की! हे काय विचारणं झालं!" मला वाटलं, पुढच्या वर्षी खऱ्या आल्प्सला जाऊ म्हणत असेल. त्याने माझा खांदा दाबला, आणि परतीच्या गाडीत पेनरिथ येईपर्यंत लहान मुलासारखा झोपला. त्याचा पोळीभाजीचा स्टीलचा डबा माझ्याच पिशवीत राहिला.

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास मी त्या डब्यासाठी त्याला फोन केला. मागे गाडीचा आवाज होता. "कुठे आहेस रे?" "ट्रेनमध्ये." "परत डोंगरात? एकटाच? लबाडा!" तो म्हणाला, "तू कुठे आहेस?" मी म्हणालो, "ऑफिसात. का रे?" "काही नाही. सहज." माधव एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगणारा नव्हता. आठवण करून देणं म्हणजे त्याला हात पसरल्यासारखं वाटायचं.

महिन्याभराने सगळ्यांना आजार कळला. पुढे आठ महिने मी हॉस्पिटलमध्ये जाऊन मगर सांगत राहिलो, नर्सेस हसून लोळायच्या, सगळे म्हणायचे दिलीप आला की माधवला किती बरं वाटतं! त्याने त्या सोमवारचा शब्दही काढला नाही. काढला असता तर मी म्हणालो असतो, आधी हे ऐक.

गेल्या रविवारी तो डबा परत द्यायला गेलो. इतके महिने माझ्याकडेच राहिला होता, आमची ही त्यात मोहरी भरायची. वसुधा चहा टाकत होती. फ्रिजवर लाल गाडी तशीच. सहज बोट लागलं, मॅग्नेट सरकला आणि मागून एक कागद घसरला. हॉस्पिटलची अपॉइंटमेंट. सोमवार, सव्वानऊ. रिपोर्ट समजावून सांगतील, सोबत कुणाला तरी आणा. तारीख आमच्या सहलीनंतरच्या सोमवारची.

"हे..." मी म्हणालो.

वसुधाने वळून पाहिलं. "हो, तोच दिवस. आदल्या रात्री मला सांगलीला फोनवर म्हणाला, काळजी करू नकोस, दिलीप येतोय गाडी घेऊन. धबधब्यापाशी विचारलं, लगेच हो म्हणाला."

"वसुधा, मला ऐकू आलं नव्हतं." काहीही न वाढवता सांगितलेलं माझं हे पहिलंच वाक्य असावं. ते कुणालाही खरं वाटणार नाही, हे बोलतानाच मला कळलं. "मग... मग काय केलं त्याने?"

तिने गॅस बंद केला, डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि तो सिंकमध्ये ठेवला.

"आठपर्यंत गेटपाशी उभा होता. मग ट्रेनने गेला."