शेजारच्या सोप्यावर बसणारे पेडणेकरसाहेब

माधव पेडणेकरसाहेबांची आणि माझी पहिली भेट आमोण्याला झाली. प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात मी नुकतीच रुजू झाले होते. ते माझे वरिष्ठ. एका भातगिरणीच्या जनरेटरला परवानगी द्यायची होती. मालक शहाळी सोलून दारात उभा. साहेब मात्र गिरणीत न जाता तडक शेजारच्या घरी गेले, "जरा बसतो हां," म्हणत ओसरीतल्या सोप्यावर टेकले आणि तिथूनच ओरडले, "आता चालू कर!"

मालक मला म्हणाला, "तुमच्या सायबांक जनरेटर पळोवपाचो ना, शेजाऱ्यांगेर च्या पिवपाची आसा."

चहासाठी नव्हे, साहेबांची कामाची रीतच ती होती. इंजिन जेवढे मोठे तेवढे धुराडे छपरापेक्षा उंच हवे, हा नियम आम्हा सर्वांनाच पाठ होता. साहेब म्हणत, "नियम मालकाच्या छपरापर्यंत पोचतो आणि थांबतो. धूर थांबत नाही." शेजारी बसून नाकाला काही लागले नाही, तरच ते सही करीत.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत लहान जनरेटर पुष्कळ. कुणाच्या भाड्याच्या खोल्या, कुणाची बेकरी. एवढ्याशा इंजिनाला कसली आलीय परवानगी, असे प्रत्येकालाच वाटे. डिचोलीच्या बाजारात साहेब समोरून दिसले की माणसे पटकन दुकानात शिरत. साहेब हे बघत आणि भाजी घेऊन घरी जात. पत्नीच्या निधनानंतर घरात ते एकटेच होते. माझी आई आजारी पडली तेव्हा माझी सगळी फिरतीची कामे त्यांनी न बोलता आपल्याकडे घेतली, आभार मानायला गेले तर म्हणाले, "मला काय, घरी वाट बघणारे कोण आहे?"

वर्षातून एकदाच ते हक्काने सुट्टी मागत, चवथीला. हरमलच्या मूळ घरी धाकटे बंधू रघुनाथ असतात. गणपतीवर फळाफुलांची माटोळी साहेबांनीच बांधायची, असा तिथला रिवाज होता.

त्याच रघुनाथभाऊंनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि जनरेटर बसवला. "भावाचे काम मी पाहणार नाही," असे साहेबांनी वरिष्ठांना कळवले आणि पाहणीला मला पाठवले. त्यापुढे एक शब्द नाही.

रघुनाथभाऊ म्हणाले, "धुराडें नेमापरस उंच आसा. माप आनी सही कर, बाये."

उंची खरेच बरोबर होती. मी सवयीने शेजारी शेवंतीबायकडे जाऊन बसले आणि इंजिन चालू करायला लावले. धुराड्याच्या टोकाला, पाऊस आत जाऊ नये म्हणून, बाक काढलेला होता. पाहुण्यांच्या खोल्यांकडे धूर नको म्हणून त्याचे तोंड शेवंतीबायच्या खिडकीकडे वळवलेले. ती खोकत म्हणाली, "कपडे काळे जातात गो. हांव आता भितरच सुकयतां."

मी सही नाकारली. रघुनाथभाऊंनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकर चालू करून.

"दादा, तुवेंच सांगलें मगे हिका?"

पलीकडून साहेबांचा आवाज आला, "हय. हांवेंच सांगलें. तिचेर कित्याक तापता?"

"मगीर चवथीक येवूं नाका," रघुनाथभाऊ म्हणाले.

सही नाकार, असे साहेबांनी मला सांगितलेच नव्हते. मला माहीत असलेले त्यांचे हे एकमेव खोटे बोलणे. असे का केले, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "तुला त्या गावात अजून पुष्कळ घरी जायचंय. माझं तिथं एकच घर. आणि हे कुणाला सांगू नकोस."

बाक आठवड्याभरात सरळ झाला. शेवंतीबायचे कपडे आता अंगणात सुकतात. साहेब मात्र चवथीला डिचोलीलाच असतात. एकदा आमच्या फोंड्याच्या घरी बोलावले. येतो म्हणाले, आले नाहीत. सण उलटल्यावर आले. करंजीसारखी नेवरी हातात घेऊन म्हणाले, "आमच्या घरी यात वेलची जास्त असते," आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मी चहा ठेवायला उठले, कारण मला तिथे बसवेना.

आता साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरव अंकात आपण सर्वजण त्यांना उदंड, निरोगी आयुष्य चिंतीत आहोत, तसे मीही चिंतिते. फक्त मला हे आयुष्य त्यांनी आजवरसारखे एकट्याने काढायला नको आहे. म्हणून त्यांचे न ऐकता हे लिहिले. ते रागावतील. रागावू देत.

रघुनाथभाऊ, अंकाची प्रत तुमच्या हातात द्यायला मी स्वतः येणार आहे. सही न करण्याचा निर्णय माझा होता, आणि आजही मी तोच घेईन. राग माझ्यावर काढा, मी दारात उभी राहून ऐकेन. पण तुमच्या दादांना बोलवा. यंदाची चवथ अजून यायची आहे.