सगळे म्हणजे किती

माझ्या वडिलांना ‘सगळे’ या शब्दाचा राग होता. ‘आत्ता’चा होता, ‘दोन मिनिटां’चा होता, ‘शंभरदा सांगितलं’चाही होता, पण ‘सगळे’ म्हटलं की ते हातातलं काम थांबवून मान वर करत. आई म्हणायची, “सगळे जेवले, आता तुम्ही बसा,” तर ते आधी विचारत, “तू जेवलीस?” आई जेवलेली नसे. “मग सगळे कुठे?” असं म्हणून ते तिला बरोबर बसवत आणि मगच घास घेत. म्हणजे त्या रागात माया नव्हती असं नाही. पण ती घरातल्यांना दिसायची. बाहेरच्याला कशी दिसणार?

रत्नागिरीच्या बंदरावरच्या कचेरीत ते कारकून होते. तेव्हा मुंबईची बोट म्हणजे गावाचा श्वास होता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडाव नावाच्या होडीतून तिच्यापर्यंत जायची. आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाड्यांनी येत, पोरंबाळं, फणस, कोकमांच्या पिशव्या घेऊन उन्हात बसून राहत. कुणीही विचारलं की हमाल, पडाववाले, चहावाला, सगळ्यांचं एकच उत्तर: “आता येईल.” ते ‘आता’ कधीकधी संध्याकाळपर्यंत लांबायचं. मालगुंडाहून आलेली एक बाळंतीण अशीच त्या ‘आता’च्या भरवशावर सावली सोडून धक्क्यावर येऊन बसली आणि भोवळ येऊन पडली. ते वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ते स्वतः कचेरीच्या दारात उभे राहून सांगू लागले, “बोट दिसत नाही. दिसली की सांगेन. तोवर झाडाखाली बसा.” लोक वैतागत. बोट कधी येणार हे विचारलं, तर हा माणूस ती दिसत नाही असं सांगतो, हे काय उत्तर झालं?

घरीही तसंच. मासेवाली दारात पाटी उतरवून म्हणाली, “आत्ता पाण्यातून काढलेत बांगडे,” तर वडील ओटीवरून म्हणाले, “आत्ता म्हणजे केव्हा? सकाळपासून एक होडी लागलेली नाही.” ती पाटी उचलून गेली ती पुन्हा आमच्या दाराशी थांबली नाही. आईला त्यानंतर बाजारापर्यंत चालत जावं लागे. ती म्हणायची, “अहो, तिला काय कोर्टात उभी केली होतीत?” वडील म्हणत, “शब्द खोटा पडला की माणूस खोटा पडतो.” आणि पेपर वाचायला घेत. पेपरातही त्यांना चुका सापडत. “प्रचंड जनसमुदाय” असं छापलेलं वाचून ते मोठ्यानं हसत, कारण त्या सभेतली मोजकी माणसं त्यांनी येताजाता पाहिलेली असत.

आमच्या घराला लागून जांभ्या दगडाचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे एका म्हाताऱ्या तांडेलाचं घर. तारुण्यात त्यांनी गलबतं हाकली होती. मंगळुरी कौलं घेऊन जायची, बसऱ्याहून खजूर घेऊन यायचा. आता गुडघे धरल्यामुळे ते घरी बसलेले. आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणायचो, वडील ‘तांडेल’ म्हणायचे, ते वडिलांना ‘अण्णा’. त्यांचा मुलगा मुंबईला गोदीत होता, मुलगी माझ्याहून थोडी मोठी आणि माझी मैत्रीण. वडील त्यांच्याकडे चहा घेत. त्या काळी आमच्या नात्यातल्या काहींना ते रुचत नसे. वडिलांनी त्या नातेवाइकांकडे कधी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी चाचा काठी टेकत आमच्या ओटीवर यायचे आणि गोष्टी सांगायचे. त्यांची बोली मला लिहून दाखवता येणार नाही. तिचा हेल कागदावर उतरत नाही. पण ते बोलू लागले की ओटीखालून समुद्र वाहतोय असं वाटायचं.

“एवढी लाट! पन्नास हात!”

“गेल्या खेपेला तीस हात होती, तांडेल.”

“अण्णा, लाट काय टेप लावून मोजतात? ती आली तेव्हा आम्ही डोळे मिटलेले.”

“मग पन्नास कुणी पाहिली?”

चाचा हसत. वडीलही हसत. आम्ही मुलं तर वाटच पाहत असू, की आता अण्णा कुठे अडवतात. वारा पडला तर चाळीस दिवस पडायचा, मासा निघाला तर गलबताएवढा निघायचा. वडील तो मासा कापत कापत हातभर आणून ठेवायचे आणि चाचा दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाढवून आणायचे. आई म्हणायची, या दोघांना एकमेकांशिवाय करमायचं नाही. खरंच होतं ते. चाचा एखाद दिवस आले नाहीत तर वडील दोनदा उठून गडग्यापाशी जायचे.

एकच गोष्ट चाचांनी आमच्याकडे एकदाच सांगितली होती, आम्ही तिथे नवे राहायला आलो त्या वर्षी. मी लहान होते, पण ती संध्याकाळ मला आठवते, कारण चाचांचा आवाज लागत नव्हता. बसऱ्याहून येताना त्यांचं गलबत फुटलं होतं. “अकरा होतो,” ते म्हणाले. “दोघं राहिलो.” एवढंच. त्या दिवशी वडिलांनी काहीही विचारलं नाही. पुढे होऊन त्यांचा हात फक्त धरून ठेवला.

मग चार-पाच वर्षांनी चाचांच्या मुलीला जयगडकडचं स्थळ आलं. पाहुणे यायचे त्या दिवशी चाचा सकाळीच गडग्यावरून म्हणाले, “अण्णा, तुम्ही शेजारी हवेत मला. कचेरीतला माणूस बसलेला दिसला की वजन पडतं.” वडील इस्त्रीचा कोट घालून गेले. आई आणि मी चाचींच्या मदतीला आत होतो. चाचींनी सांदणं केली होती, घरभर नारळाच्या रसाचा वास होता. चाचांची मुलगी आणि मी आतल्या दाराच्या पडद्याशी उभ्या होतो.

बोलणी छान चालली होती. मुलाचे वडीलही जुने दर्यावर्दी निघाले. त्यांनी चाचांना विचारलं, “तुमचं गलबत फुटलं होतं म्हणे बसऱ्याच्या वाटेवर?”

चाचा सावरून बसले. वारा कसा फिरला, डोलकाठी कशी मोडली, सगळं सांगत गेले. माणसं ऐकत होती. चाचांच्या तोंडावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “डोलकाठीला धरून राहिलो. एकेकाला ओढून घेतलं. धाकट्याला तर केसांना धरून वर काढलं. अल्लाची मेहर. सगळे आलो.”

“सगळे?” वडील म्हणाले.

मला खात्री आहे, त्यांना काही म्हणायचं नव्हतं. तो शब्द ऐकला की त्यांची मान जशी वर व्हायची, तशी झाली, इतकंच. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. तिथेच वडील थांबले असते तरी चाललं असतं. पण ते ओटीवरच्या सवयीनं, हसतच म्हणाले, “सगळे कसे, तांडेल? अकरांतले दोघं ना? मला तर तुम्ही तसं सांगितलं होतंत.”

चाचांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

“हो,” ते म्हणाले. “दोघं. अण्णांचं बरोबर आहे.”

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं पडदा सोडला आणि ती आत निघून गेली. मुलाचे वडील भले गृहस्थ होते. त्यांनी लगेच आंब्याच्या मोहोराचा विषय काढला. सांदणं खाल्ली गेली, लग्न ठरलं, कशात काही बिघडलं नाही. वडील घरी येऊन कोट काढताना आईला म्हणाले, “माणसं चांगली वाटली.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वडिलांना वाटलं, लग्नाची गडबड. पण गडग्यापलीकडे पाहावं तर चाचा अंगणात नुसते बसलेले असायचे.

आठवड्यानं चाची आईकडे मिरच्या वाटायला पाटा मागायला आल्या. पाटा त्यांच्याकडेही होता. स्वयंपाकघरात आईसमोर बसून त्या हळू आवाजात बोलल्या. मी तांदूळ निवडत होते.

“त्या गलबतात यांचा धाकटा भाऊ होता, वहिनी. यांनीच नेला होता हट्टानं. सासूबाईंनी मरेपर्यंत यांना एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचंच यांना जास्त लागलं. पहिली कितीतरी वर्षं हे त्याबद्दल बोलतच नव्हते. मग बोलायला लागले. आधी दोघं वाचले म्हणायचे. मग तिघं. ईदला, लग्नाकार्याला, नातेवाइकांत सांगताना दर वेळी एखादा माणूस जास्त वाचायचा. मी ऐकायची. मी कधी काही बोलले नाही. कोण बोलेल? गेल्या ईदला एकटा भाऊच राहिला होता पाण्यात. त्या दिवशी तोपण आला.”

आईनं पदर तोंडाला लावला. चाची उठल्या, पाटा घेतला नाही, आणि जाताना म्हणाल्या, “अण्णांवर राग नाही यांचा. पण आता जमत नाही म्हणतात.”

आईनं ते वडिलांना जेवताना सांगितलं. वडिलांचा हात ताटात तसाच राहिला. मग ते म्हणाले, “मला काय माहीत?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “मला कुणी सांगायला नको?” आई म्हणाली, “काय सांगायचं होतं तुम्हाला?” त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले.

दोन दिवसांनी ते चाचांकडे गेले. मला बरोबर घेतलं, बहुधा एकट्यानं जाववेना म्हणून. चाचांनी खाट झटकून बसायला दिलं, चहा मागवला. वडिलांनी लग्नाची चौकशी केली. चाचा नीट उत्तरं देत होते. मग वडील म्हणाले, “तांडेल, तो गलबताएवढा मासा... मुलं विचारतात. सांगा ना आज.”

चाचा म्हणाले, “मुशी होती. दोन हात असेल.”

“तुम्ही तर म्हणायचात—”

“दोन हातच होती, अण्णा.”

वडिलांचा चेहरा कुणीतरी मारल्यासारखा झाला. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यासाठी लागणारे शब्द त्यांच्याकडे कधी नव्हतेच. ते कपातला चहा संपेपर्यंत बसले. परत येताना गडग्याला वळसा घालताना मला म्हणाले, “चुकीचं काहीच बोललो नव्हतो गं मी.” मी मान हलवली. त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

त्यानंतरही दोघं भेटत. चाचा दिसले की सलाम करत, तब्येत विचारत, कचेरीचं विचारत. बोलणं असं, की त्यात दुरुस्त करावं असं काही नसायचं. “काल संध्याकाळी पाय दुखला. आज कमी आहे.” वडील घरी येऊन खिन्न बसत.

मुलीचं लग्न झाल्यावर वर्षभरात चाचा-चाची मुंबईला मुलाकडे जायला निघाले. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एक होती. मी वडिलांचा डबा घेऊन बंदरावर गेले होते. वडील पडावापर्यंत आले, चाचांची पेटी त्यांनी स्वतः उचलून दिली. हमाल हसले, कारण साहेबानं पेटी उचललेली त्यांनी पाहिली नव्हती. चाचा पडावात बसले आणि वडिलांचा हात धरून म्हणाले, “अण्णा, सांभाळा.” वडील म्हणाले, “येत जा.” पडाव सुटला. वडील धक्क्यावर उभे राहिले, आणि मला वाटतं, त्यांना आणखी बोलायचं होतं. पण पडाववाला आरोळी देत होता आणि समुद्राचा आवाज मोठा होता.

चाचा परतले नाहीत. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी कुणीतरी बोटीतून उतरून त्यांच्या जाण्याची बातमी आणली. वडील त्या दिवशी कचेरीतून लवकर घरी आले. हळूहळू त्यांनी लोकांना अडवणं सोडलं. घरी आलेला माणूस काहीही सांगो, हजार म्हणो, लाख म्हणो, ते ऐकून घेत. आईला ते आवडायला हवं होतं. पण एकदा ती ताट वाढताना मुद्दाम म्हणाली, “सगळे जेवले,” आणि वडील नुसते पाटावर येऊन बसले, तेव्हा ती आत जाऊन बराच वेळ आली नाही.

वडील गेल्यावर कितीतरी वर्षांनी एसटी स्टँडवर मला चाचांची मुलगी भेटली. दोघी म्हाताऱ्या व्हायला लागलो होतो, तरी तिनं मला आधी ओळखलं. जयगडची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून आम्ही खूप बोललो. मी घाबरत घाबरत विचारलं, मुंबईला चाचा गोष्टी सांगायचे का?

“सांगायचे ना,” ती म्हणाली. “चाळीतली सगळी मुलं जमायची. समुद्राच्या नव्हते सांगत. तुझ्या अण्णांच्या सांगायचे.”

“अण्णांच्या?”

“हो! रत्नागिरीच्या बंदरावर एक साहेब होता म्हणे, ताडाएवढा उंच. बोटीच्या कप्तानानं ‘आता निघतो’ म्हटलं आणि निघाला नाही, तर त्यानं बोट दोरीनं बांधून ठेवली, सात दिवस. कप्तान वरून हात जोडतोय आणि साहेब खालून विचारतोय, ‘आता म्हणजे केव्हा?’ मुलं लोळायची हसून. अब्बापण हसायचे. मग डोळे पुसायचे आणि म्हणायचे, ‘असा दोस्त मुंबईत मिळत नाही.’”

माझे वडील बेताच्या उंचीचे होते, आणि बोटीच्या कप्तानाशी ते आयुष्यात कधी बोलले नसावेत. यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर गेलं नाही. नुसतं तिकडून आलेल्या एखाद्या माणसानं येता येता सांगितलं असतं, तरी पुरलं असतं. तिची गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली.