हॅलोमावशींची शिल्लक

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला, म्हणून गल्लीने त्यांचं नाव हॅलोमावशी ठेवलं. नोकरीच अशी, की दोघांची लाइन जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. ही सवय इतकी अंगात मुरली, की एकुलता एक मुलगा परदेशी निघाला तेव्हाही बाई ‘राहा’ म्हणाल्या नाहीत.

जाताना त्याने गच्चीवर सोलर पॅनल बसवून दिले. दिवसा घरात वापरून उरलेली वीज कंपनीकडे जाते, रात्री आपण कंपनीची घेतो, मीटर दोन्ही मोजतो आणि बिलात वजाबाकी होते. जास्त दिलेले युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात, असं त्याने समजावलं. मावशींनी त्यातलं ‘जमा राहतात’ एवढंच पक्कं धरलं. कारण जाता जाता तो हेही म्हणाला होता, की पुढच्या सुट्टीत पोरांना घेऊन येतो. आणि नातवंडांना एसीशिवाय झोप लागत नव्हती.

झालं, मावशींनी कंबर कसली. पंखा अगदीच जीव घाबरला तर. संध्याकाळी दिवा एकच, तोही बसायचं तिथे. टीव्ही बंद केला आणि घरातला दुसऱ्या माणसाचा आवाजही गेला. अंधारात स्वयंपाकघराच्या दाराला कपाळ आपटलं, तेव्हा स्वतःशीच म्हणाल्या, हेही जमेत धरा. बिल आलं की शिल्लक बघायच्या आणि मनातल्या मनात पोरांना थंडगार खोलीत झोपवायच्या.

एका बिलात ती शिल्लक गायब. पॅनल धुवायला आलेल्या फिटरला त्यांनी गाठलं.

“मावशी, वर्ष संपलं ना,” तो म्हणाला. “उरलेले युनिट कंपनी मातीमोल भावाने घेते आणि हिशोब परत पहिल्यापासून. वापरायचे होते की तेव्हाच.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फिटर गेल्यावर त्यांनी नातवंडांच्या खोलीतला एसी लावला, गीझर लावला, टीव्ही लावला, सगळे दिवे लावले आणि रिकाम्या पलंगावर शाल घेऊन बसल्या. आता उरूच द्यायचं नाही काही.

संध्याकाळी फोन वाजला. मुलाचा. कितीतरी दिवसांनी.

“आई, घरात कोणी आलंय का? मोबाइलवर वापर एकदम चढलेला दिसतोय.”

मग कळलं, की घरातली वीज त्याला तिकडे बसून दिसते आणि तो ती रोज बघतो. आकडा नेहमीसारखा असला की आई मजेत आहे असं समजतो, मग उगाच फोन करून त्रास देत नाही. ज्याच्यासाठी अंधारात वर्ष काढलं, त्याला त्या अंधारातच आई सुखी दिसत होती.

या सुट्टीत जमणार नाही, हेही त्याने बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं. एसी आठवणीने बंद कर म्हणाला. मग म्हणाला, “बरं, ठेवू?”

बाजूला व्हायची ही वेळ मावशींना जन्मभराच्या ओळखीची होती.

“ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी मजेत नाही रे.”

तिकडे त्याने फोन ठेवला नाही. लाइन चालू होती. मावशींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.