ब्रनोचे पाच ग्राहक, राहणार उपनगर

सोमवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी बुद्धभूषण पगारे एका फुलांच्या दुकानाच्या वेबसाइटवरचे आकडे बदलत होता. गुच्छात किती फुलं हवीत, या प्रश्नापुढे सहा, दहा आणि बारा असे पर्याय होते. तिथे त्याने पाच, सात आणि नऊ टाकले. काम थोडक्यात झालं. दुकान चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात आहे. बुद्धभूषण नाशिकरोडला, उपनगर नावाच्या भागातल्या दोन खोल्यांच्या घरात.

चेक दुकानदारांसाठी वेबसाइट करणं हा त्याचा चार वर्षांपासूनचा व्यवसाय. भाषा येत नाही. मजकूर दुकानदार पाठवतात. बाकीचं तो शिकला. चेक ग्राहक आधी पानाच्या तळाशी जाऊन दुकानाचा नोंदणी क्रमांक आणि फोन नंबर बघतो. पार्सल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय त्याला लागते. मध्येच उघडणारी जाहिरात दिसली की तो निघून जातो. शब्द लांबलचक, म्हणून बटणं रुंद ठेवावी लागतात.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. तिकडे जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत देतात. सम संख्या थडग्यावर वाहायची. नाशिकच्या बाजारात गुलाब वीसच्या जुडीने मिळतात. त्याने जुडी अर्धी केली आणि शेजारी डझन, अर्धा डझन ठेवले.

ही चूक सांगता येण्यासारखी होती. दुसरी नव्हती.

दुकानाच्या मालकीण जित्का यांची एक अट होती: वेबसाइट सुरू करण्याआधी ब्रनोतल्या पाच माणसांना ती वापरायला द्यायची आणि ती कुठे अडखळतात ते बघायचं. अशी माणसं मिळवून देणाऱ्या कंपन्या आहेत. पण कालच्या रविवारी तिकडे मातृदिन होता, त्याआधी वेबसाइट सुरू व्हायला हवी होती आणि हातात वेळ नव्हता. बुद्धभूषणने आई मालनबाई, पत्नी संजना, पुतण्या आणि शेजारचे दोघे अशा पाच जणांना आळीपाळीने लॅपटॉपपुढे बसवलं. पाचही जण ‘छान आहे’ म्हणाले. घरच्या माणसाच्या कामाला कोण नावं ठेवणार? मग इंटरनेटवरून पाच चेक नावं शोधून त्याने अहवाल लिहिला: ब्रनोतल्या पाच ग्राहकांनी तपासलं, अडचण आढळली नाही.

अहवालावर विसंबून जित्काबाईंनी स्वतः ते पान पाहिलं नाही. रविवारी पहाटे ऑर्डरी हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक गुच्छात त्यांनी पदरचं एकेक फूल वाढवलं. दोन गुच्छ मात्र शनिवारीच मदतनिसाच्या हातून गेले होते. त्यातला सहा फुलांचा एक इस्पितळात दाखल असलेल्या एका बाईंना पोचला.

हे सगळं सोमवारी सकाळच्या ईमेलमध्ये होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘पाचही जणांच्या नजरेतून हे कसं सुटलं, ते मला समजून घ्यायचं आहे. त्यांना दुकानात बोलावते. त्यांचे फोन नंबर द्याल का?’

उत्तर बुद्धभूषणकडे तयार होतं. युरोपातल्या गोपनीयतेच्या नियमांमुळे ग्राहकांची माहिती देता येत नाही. नियम खरा आहे. कोणी संशय घेतला नसता. आणि खरं लिहिलं तर जित्काबाईंचं काम जाणार, शिवाय त्यांच्या शब्दावर मिळालेली चष्म्याच्या आणि सायकलीच्या दुकानांची कामंही. त्याने नियमाचं वाक्य टाइप केलं, पाठवलं नाही, आणि जेवायला उठला.

जेवताना संजनाने विषय काढला. ईमेल तिने वाचला होता.

“आहेराच्या पाकिटाला रुपया चिकटवलेला असतो. तेव्हाही नाही का सुचलं तुम्हाला?”

“तुला तरी सुचलं का?”

“मला तुम्ही विचारलंत, बटण सापडतंय का. सापडलं.”

मालनबाईंना काही कळेना. मग त्याला सगळं सांगावं लागलं. भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे मी पण त्यात आहे?”

“आहेस.”

“नाव काय ठेवलंस माझं?”

“ल्युदमिला.”

“परत सांग.”

त्याने परत सांगितलं.

“वय?”

“एकसष्ट.”

“सहा वर्षं कमी केलीस. बरं झालं.” संजना हसली. मालनबाई हसल्या नाहीत. “इथे नोटांच्या प्रेसमध्ये लागले तेव्हा तुझ्या अण्णांना कोणी खोली देत नव्हतं. आडनाव ऐकलं की खोली भरलेली असायची. लोक म्हणायचे, दुसरं सांगा, कोण बघतंय. पाच महिने ते मनमाडहून येऊन-जाऊन राहिले. पण पगारेच सांगितलं.”

“आई, ते वेगळं होतं.”

“वेगळंच होतं. त्यांना गरज होती.”

बुद्धभूषणने भात घेतला नाही. ताट उचलून तो मोरीत गेला आणि नळ बंद करायला विसरला. तो संजनाने केला.

लॅपटॉपपुढे बसून त्याने नियमाचं वाक्य खोडलं. उत्तर लिहायला त्याला साडेचार वाजले, आणि झालं ते पाच ओळींचं. ते पाच जण ब्रनोचे नाहीत. माझी आई, पत्नी, पुतण्या आणि दोन शेजारी. त्यांना चेक वाचता येत नाही. नावं मी लावली. त्या बाईंची माफी मागायची आहे, तुम्ही परवानगी दिलीत तर. पाठवल्यावर त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. समोरच्या गच्चीवर शेजारी पापड उलटत होता. तो त्या पाचांतला एक होता.

उत्तर संध्याकाळी आलं. त्या बाईंना कळवायची गरज नाही, असं जित्काबाईंनी लिहिलं होतं. तपासणी त्या आता उद्याच स्वतः करणार आहेत, दुकानात, आपल्या गिऱ्हाइकांना बसवून. बुद्धभूषणने व्हिडिओवरून पाहायचं, बोलायचं नाही. पुढचं काम द्यायचं की नाही ते त्यानंतर. चष्मेवाल्याला मात्र त्यांनी सगळं सांगितलं आहे.

ब्रनोतलं ते दुकान उद्या, मंगळवारी, सकाळी नऊला उघडेल. नाशिकमध्ये तेव्हा साडेबारा वाजलेले असतील.