देठ

गोवा राज्य झालं त्या वर्षी, चवथीच्या आदल्या दिवशी, डिचोलीच्या बाजारात मी पहिल्यांदा फळं मांडली. शाळा सोडून बेळगावाकडून आलेला मी. माल पडून राहिला तर परत जायचं, एवढीच धास्ती. फळं छान दिसावीत म्हणून सगळ्यांचे देठ कापून ती पुसून ठेवली.

शेजारची माटोळीचं सामान विकणारी म्हातारी पानाला चुना लावता लावता थांबली. "अरे पुता, ही गणपतीच्या डोक्यावर माटोळीच्या लाकडी चौकटीला टांगतात! देठ कापलेस, आता बांधतले खंय?"

मी रडकुंडीला आलो. तिनं स्वतःचं गिऱ्हाईक थांबवून रानवेलीच्या दोरीत माझं एकेक फळ गुंफून दिलं. शेवटचं माझ्याच हातात ठेवलं. "हे विकू नको. तुझ्या खोलीत टांग. चवथ तुझी पण."

तिचं नाव विचारायचं राहिलं. चवथीच्या बाजारात मी अजूनही एक फळ देठासकट बाजूला ठेवतो. घरापासून लांब आलेला कुणीतरी दिसतोच.